चारपैकी तीन बाटल्या पॉझिटिव्ह, तरी रक्तात जंतू नाही: एका ब्लड कल्चरचा उलगडा

हे एकाच रुग्णाचे हुबेहूब टिपण नाही. आयसीयूत पुन्हा पुन्हा दिसणारे तपशील एकत्र आणून रचलेले हे नमुना-प्रकरण आहे. वेळा, मोजमापे आणि निर्णयांचा क्रम मात्र वॉर्डात जसा असतो तसाच ठेवला आहे, कारण ब्लड कल्चरचा (रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या तपासणीचा) अर्थ लावताना सगळा निकाल अशा बारीक तपशिलांवरच फिरतो.

रुग्ण आणि ताप

पुरुष, वय ५४, वजन ६४ किलो, जुना मधुमेह. ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) अल्सर फुटल्यामुळे तातडीची शस्त्रक्रिया झाली, छिद्रावर ओमेंटमचा (पोटातल्या चरबीच्या पडद्याचा) पॅच लावला. त्याच दिवशी उजव्या मानेच्या शिरेत तीन नळ्यांची सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) घातली. एका नळीतून नॉरअ‍ॅड्रिनलिन (रक्तदाब टिकवणारे औषध), दुसरीतून शिरेवाटे पोषण, तिसरी इतर औषधांसाठी. अँटिबायोटिक म्हणून पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम सुरू होते.

शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी संध्याकाळी ताप ३८.७ अंश सेल्सिअस, नाडी ११८, नॉरअ‍ॅड्रिनलिनची थोडी मात्रा चालू असताना रक्तदाब ९८/६०, पांढऱ्या पेशी १७,२००, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) १.०. लाइनच्या तोंडाशी लाली नाही, पू नाही. पोट किंचित फुगलेले, उजव्या बरगडीखाली दाबल्यावर दुखते.

रात्री ८.१० वाजता ब्लड कल्चरचे दोन सेट घेतले. सेट ‘अ’ सेंट्रल लाइनमधून, सेट ‘ब’ डाव्या हाताच्या शिरेतून. प्रत्येक सेटमध्ये एक एरोबिक (ऑक्सिजनमध्ये वाढणाऱ्या जंतूंसाठी) आणि एक अ‍ॅनएरोबिक (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्यांसाठी) बाटली. बाटल्या जंतूंची वाढ ओळखणाऱ्या यंत्रात चढल्या रात्री ११.५० ला, म्हणजे रक्त काढल्यापासून तीन तास चाळीस मिनिटांनी. दोन तासांत चढवणे अपेक्षित असते. इथे बाटल्या नर्सिंग स्टेशनवर सामान्य तापमानाला राहिल्या. उशीर चारही बाटल्यांना सारखाच झाला, एवढे ध्यानात ठेवावे.

पहाटेचा फोन

आठव्या दिवशी पहाटे २ वाजता, यंत्रात चढल्यापासून २६ तासांनी, सेट ‘अ’ची एरोबिक बाटली पॉझिटिव्ह झाली. ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या तपासणीत) झुबक्यांत ग्रॅम-पॉझिटिव्ह कॉकाय (गोल जंतू) दिसले. २.३५ ला प्रयोगशाळेने आयसीयूतल्या निवासी डॉक्टरांना कळवले.

हा फोन कसा केला जातो, यावर पुढचे बरेच काही ठरते. “तुमचं ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आहे, ग्रॅम-पॉझिटिव्ह कॉकाय” एवढे सांगून फोन ठेवला तर वॉर्डात “सेप्टिसेमिया” हा एकच शब्द उरतो. इथे सांगितले गेले ते असे: दोन सेट आले होते, त्यातल्या लाइनच्या सेटची एक बाटली २६ तासांनी लागली (म्हणजे पॉझिटिव्ह झाली), हाताच्या सेटमध्ये अजून काही नाही, हा स्टॅफिलोकोकस ऑरियस आहे की कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह (प्लाझ्मा गोठवणारे कोअ‍ॅग्युलेज एन्झाइम नसलेल्या) जातीतला हे सकाळपर्यंत कळेल, आणि नवे अँटिबायोटिक द्यायचे ठरले तर त्याआधी दोन वेगळ्या जागांहून नवे सेट घ्या. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे होते. व्हँकोमायसिनचा पहिला डोस गेल्यानंतर घेतलेले कल्चर निगेटिव्ह आले, तर ते कशामुळे हे कुणालाच सांगता येत नाही.

नवे सेट ‘क’ आणि ‘ड’ ३.१० ला घेतले. ३.४० ला व्हँकोमायसिनचा पहिला डोस सुरू झाला: १.५ ग्रॅम, म्हणजे साधारण २३ मिलीग्रॅम प्रतिकिलो, अडीच तासांत. मिनिटाला १० मिलीग्रॅमपेक्षा वेगाने दिले तर अंग लाल होते, खाज सुटते, रक्तदाब पडू शकतो.

या क्षणी व्हँकोमायसिन देणे बरोबर होते, हे स्पष्ट सांगायला हवे. रक्तदाब औषधावर टिकलेला, मानेत लाइन, आणि स्टॅफ ऑरियसची शक्यता खोडता येत नाही. कल्चरमध्ये स्टॅफ ऑरियस आला तर एका बाटलीतला असला तरी तो खराच धरायचा. न्यूमोकोकस, ई. कोलाय-क्लेब्सिएला यांचे कुटुंब, स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि कँडिडा यांनाही हाच नियम. शंका घ्यायची ती त्वचेवरच्या रहिवाशांबद्दल: कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ, कोरिनेबॅक्टेरियम, क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस, मायक्रोकोकस, अँथ्रॅक्सखेरीजचे बॅसिलस, आणि काही प्रमाणात व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकाय. तेव्हा पहाटे औषध सुरू केले की नाही हा प्रश्नच नव्हता. ते कधी आणि कशाच्या आधारावर थांबवायचे, हा खरा प्रश्न होता.

सकाळी जमलेला पुरावा

४.५० ला ‘अ’ची अ‍ॅनएरोबिक बाटलीही लागली, २९ तासांवर. बाटलीतल्या द्रवावर थेट लावलेली ट्यूब कोअ‍ॅग्युलेज चाचणी चार तासांनी, ६.४५ ला, निगेटिव्ह. चार तासांचे निगेटिव्ह अंतिम नसते, म्हणून नळी २४ तासांपर्यंत ठेवली. तोवर ब्लड अगारवर (रक्त मिसळलेल्या वाढीच्या माध्यमावर) पाच-सहा तासांत धरलेल्या पातळ वाढीवरून माल्डी-टॉफने (प्रथिनांवरून जंतू ओळखणाऱ्या यंत्राने) ९.१० ला नाव दिले: स्टॅफिलोकोकस होमिनिस, स्कोअर २.० च्या वर, म्हणजे ओळख खात्रीची.

९.५० ला सेट ‘ब’ची एरोबिक बाटली लागली, ३४ तासांवर. ग्रॅम स्टेनमध्ये पुन्हा झुबक्यांत कॉकाय.

दुपारच्या राउंडला आयसीयूत जे चित्र मांडले गेले ते असे: चारपैकी तीन बाटल्या पॉझिटिव्ह, दोन्ही सेट पॉझिटिव्ह, लाइनचा सेट हाताच्या सेटआधी तब्बल आठ तास लागलेला, आणि सकाळी पाठवलेले प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गात रक्तात वाढणारे प्रथिन) ४.२ नॅनोग्रॅम प्रतिमिली. निष्कर्ष सरळ वाटत होता: लाइनमुळे झालेला रक्तसंसर्ग, लाइन काढा, व्हँकोमायसिन चालू ठेवा. दुपारी ३.४० ला दुसरा डोस, १ ग्रॅम, गेला.

या चारही मुद्द्यांपैकी एकही टिकत नाही. का, ते एकेक करून पाहू.

बाटल्या मोजू नयेत, टोचण्या मोजाव्यात

“चारपैकी तीन” ऐकायला जड आहे, पण ‘अ’च्या दोन्ही बाटल्या एकाच वेळी, एकाच नळीतून, एकाच सिरिंजने भरल्या होत्या. कनेक्टरवर (लाइनच्या तोंडावरच्या जोडावर) बसलेला जंतू सिरिंजमध्ये आला तर तो दोन्ही बाटल्यांत जातो. त्यामुळे एका टोचणीच्या दोन बाटल्या म्हणजे एकच साक्ष. आपल्याकडे हा घोटाळा आणखी एका वाटेने होतो: २० मिली रक्त एकाच शिरेतून काढायचे, चार बाटल्यांत वाटायचे आणि लेबलवर “उजवा हात”, “डावा हात” लिहायचे. प्रयोगशाळेला मग दोन सेट दिसतात आणि प्रत्यक्षात असतो एक. याहून नुकसानकारक सवय ब्लड कल्चरमध्ये दुसरी नाही. तिच्यामुळे खरे-खोटे ओळखण्याचे एकमेव भक्कम साधनच निकामी होते. अर्जावर प्रत्येक सेटची जागा आणि वेळ मागणे एवढ्यासाठीच असते.

तर मोजणी अशी झाली: दोन टोचण्या, दोन्ही पॉझिटिव्ह. हेही जडच आहे. इथे थोडे गणित करावे लागते. अमेरिकेतल्या सीएलएसआय या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत कंटॅमिनेशन (बाहेरचा जंतू नमुन्यात शिरणे) ३ टक्के सेटच्या आत हवे, आणि सगळी काळजी घेतली तर १ टक्का गाठण्याचे ध्येय ठेवावे, असे आहे. ३ टक्के धरले आणि दोन सेट एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर दोन्ही सेट एकाच वेळी दूषित होण्याची शक्यता दहा हजारांत नऊ. म्हणून “दोन्ही सेटमध्ये आला म्हणजे खरा” हा नियम चालतो. पण ज्या विभागात दर १० टक्के आहे तिथे हीच शक्यता शंभरात एक होते. शिवाय ती स्वतंत्र नसतेच: तेच हात, तीच घाई, तोच कापसाचा बोळा. वाईट पद्धतीने घेतलेले दोन सेट दोन स्वतंत्र साक्षीदार राहत नाहीत. आपल्या विभागाचा दर माहीत नसेल तर “दोन सेट” या नियमावर किती भार टाकायचा हेही ठरवता येत नाही.

आठ तासांचा फरक

लाइनमधले रक्त आणि हातातले रक्त एकाच वेळी घेतले, आणि लाइनची बाटली किमान १२० मिनिटे आधी लागली, तर संसर्गाचे मूळ लाइनमध्ये आहे असे मानतात. लाइनच्या आतल्या थरात जंतूंची दाटी असते, तिथून काढलेल्या रक्तात ते जास्त येतात, म्हणून यंत्राला लवकर कळते. तर्क सुंदर आहे आणि बऱ्याचदा उपयोगी पडतो.

पण त्याच्या दोन अटी आहेत. पहिली, दोन्ही बाटल्यांत रक्त सारखे हवे. बाटल्यांचे वजन करून पाहिले तेव्हा ‘अ’च्या एरोबिकमध्ये ४ मिली, अ‍ॅनएरोबिकमध्ये ३, ‘ब’मध्ये अनुक्रमे ३ आणि २ मिली निघाले. एक मिली रक्त म्हणजे साधारण १.०५ ग्रॅम. त्याच लॉटच्या रिकाम्या बाटलीचे वजन वजा केले की झाले. प्रयोगशाळेत साधा काटा असेल तर ही तपासणी फुकट आहे. हवे होते प्रत्येकी ८ ते १० मिली. चार बाटल्यांत ४० ऐवजी १२ मिली आले. मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू मिलीला एकदोन, कधी त्याहूनही कमी असतात, आणि रक्ताचा प्रत्येक जादा मिली सापडण्याची शक्यता साधारण ३ टक्क्यांनी वाढवतो. त्यामुळे कमी भरलेल्या बाटलीत खरा जंतू निसटतो, त्वचेवरून आलेला मात्र तितकाच राहतो. कमी रक्ताचे हे दुहेरी नुकसान फार कमी जणांच्या लक्षात येते.

दुसरी अट अधिक मूलभूत आहे: दोन्हीकडे एकच जंतू हवा. शर्यत एकाच घोड्याची लावायची असते. वेगवेगळे जंतू वेगवेगळ्या वेगाने वाढतात, तेव्हा त्यांच्या वेळांतल्या फरकाला काहीच अर्थ उरत नाही.

दुपारी ४.४० ला ‘ब’चे नाव आले: स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस.

दोन नावे

प्रकरण इथे उलटले. प्रयोगशाळेने दोन्ही अहवालांवर नुसते “कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ” लिहिले असते, तर ते एकाच जंतूचे दोन सेट दिसले असते, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही तसेच लिहिले जाते. सेंट्रल लाइनच्या संसर्गाची सर्वेक्षणासाठी वापरली जाणारी अमेरिकी व्याख्याही त्वचेवरच्या जंतूंसाठी दोन स्वतंत्रपणे घेतलेल्या नमुन्यांत जुळणारा जंतू मागते, सोबत ३८ अंशांवर ताप, थंडी किंवा रक्तदाब पडणे यांपैकी काहीतरी. त्या व्याख्येत एका नमुन्यावर नुसते वर्गनाव आणि दुसऱ्यावर जातीचे नाव असेल तर ते जुळले असे धरतात, दोन वेगळ्या जाती असतील तर जुळत नाहीत. म्हणजे प्रयोगशाळेच्या अर्धवट नावामुळे आयसीयूच्या खात्यावर न घडलेला लाइन-संसर्ग नोंदला गेला असता, आणि पुढच्या बैठकीत चुकीच्या जागी उपाय शोधला गेला असता.

लाइनमध्ये दोन जातींचा मिश्र थर असू शकत नाही का? असू शकतो, आणि हा प्रश्न न विचारता निकाल देऊ नये. मिश्र असेल तर दोन्ही जाती लाइनच्या नमुन्यात दिसायला हव्यात. म्हणून ‘अ’च्या प्लेट ४८ तास ठेवून भिंगाने पाहिल्या. कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफची दुसरी जात कधीकधी पहिल्या दिवशी लपून राहते आणि दुसऱ्या दिवशी लहान किंवा वेगळ्या रंगाची कॉलनी म्हणून वर येते. इथे ‘अ’वर एकाच प्रकारची वाढ होती, ‘ब’वरही एकाच प्रकारची. ‘ब’ची अ‍ॅनएरोबिक बाटली शेवटपर्यंत निगेटिव्ह राहिली. ‘अ’ची अ‍ॅनएरोबिक बाटली तीन तास मागे का लागली, याचे उत्तर सोपे आहे: होमिनिस ऑक्सिजनशिवाय मंद वाढतो.

२६ आणि ३४ तास हे आकडेही कंटॅमिनेशनकडे झुकतात. त्वचेवरून चुकून आलेले जंतू मोजके असतात, यंत्राला जाणवण्याइतका कार्बन डायऑक्साइड तयार करायला त्यांना वेळ लागतो. खऱ्या संसर्गात कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ बहुधा २४ तासांच्या आत लागतो. पण ही सीमा धूसर आहे. बाटली उशिरा चढवली तर बाहेरच वाढ सुरू होते आणि यंत्रावरची वेळ कमी दिसते. निव्वळ वेळेवरून निर्णय घेऊ नये, ती इतर पुराव्याच्या जोडीला ठेवावी.

प्रोकॅल्सिटोनिनचे काय? ४.२ हा आकडा खरा होता. रुग्णाला गंभीर जंतुसंसर्ग आहे एवढेच तो सांगतो, बाटलीतला जंतू त्याला कारणीभूत आहे असे नाही.

५.१५ ला व्हँकोमायसिन थांबवले. लाइन ठेवली, कारण नॉरअ‍ॅड्रिनलिन अजून लागत होते, लाइनचे तोंड स्वच्छ होते, आणि नव्या जागी लाइन घालण्यात स्वतःचा धोका असतो. ‘क’ किंवा ‘ड’मध्ये काही उगवले तर त्याच क्षणी फेरविचार, असे नोंदीत लिहिले.

तापाचे खरे कारण

शल्यचिकित्सकांनी कल्चरच्या अहवालाची वाट पाहिली नव्हती. उजव्या बरगडीखालचे दुखणे आणि फुगलेले पोट पाहून त्यांनी त्या दिवशी सकाळी ११.३० ला पोटाचा सीटी स्कॅन करून घेतला. डायफ्रामच्या खाली, यकृताच्या वर ६ बाय ४ सेंटिमीटरची पुवाची पिशवी होती. संध्याकाळी पिगटेल (निचऱ्याची) नळी घालून ती रिकामी केली. पुवात ई. कोलाय आला, पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमला दाद न देणारा. मेरोपेनेमवर बदल केल्यावर ३६ तासांत ताप उतरला.

कंटॅमिनेशनचा सर्वांत मोठा धोका इथे दिसतो. औषधाचा खर्च आणि मूत्रपिंडावरचा ताण हे आहेच: व्हँकोमायसिन आणि पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम एकत्र, त्यात सीटीचे कॉन्ट्रास्ट. क्रिएटिनिन दहाव्या दिवशी १.४ झाले आणि तेराव्याला १.१ वर आले. सेप्सिस, कॉन्ट्रास्ट आणि औषधे यांपैकी कशाचा किती वाटा हे वेगळे काढता येत नाही. पण “जंतू सापडला” म्हटल्यावर शोध थांबतो, ही खरी भीती. इथे लाइनला दोषी ठरवून सगळे निश्चिंत झाले असते तर पुवाची पिशवी आणखी दोन-तीन दिवस पोटात राहिली असती.

‘क’ आणि ‘ड’ कसे घेतले

पहाटेच्या या दोन सेटवर निकाल उभा राहिला, म्हणून ते कसे घेतले हे सविस्तर.

‘क’ उजव्या कोपराच्या पुढच्या शिरेतून, नव्या टोचणीने. आधी टुर्निके (दंडाला आवळायचा पट्टा) बांधून शीर शोधली आणि टुर्निके सैल केले. बाटल्यांची प्लास्टिकची टोपी काढून रबराचे बूच प्रत्येकी नव्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने १५ सेकंद घासले आणि वाळू दिले. टोपीखालचे बूच निर्जंतुक असते हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. त्वचेवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमधले २ टक्के क्लोरहेक्सिडिन ३० सेकंद मागेपुढे घासले, ३० सेकंद वाळू दिले. पुसले नाही, फुंकले नाही. पोव्हिडोन-आयोडीन वापरले असते तर दीड ते दोन मिनिटे थांबावे लागले असते, आणि तेवढे सहसा कुणी थांबत नाही. घासल्यानंतर शीर पुन्हा बोटाने चाचपली नाही. चाचपावीच लागली तर निर्जंतुक हातमोज्याने, नाहीतर घासणे पहिल्यापासून.

बटरफ्लाय सुई शिरेत गेल्यावर पहिले २ मिली वेगळ्या निर्जंतुक सिरिंजमध्ये घेऊन बायोकेमिस्ट्रीला दिले. सुई त्वचेतून जाताना त्वचेचा सूक्ष्म तुकडा घेऊन जाते, आणि केसांच्या मुळाशी खोलवर बसलेले जंतू कोणत्याही अँटिसेप्टिकने पूर्ण मरत नाहीत. ते याच पहिल्या थेंबांत येतात. मग नवी २० मिलीची सिरिंज जोडून रक्त घेतले. सिरिंजने भरताना अ‍ॅनएरोबिक बाटली आधी, कारण सिरिंजमधली हवा शेवटी राहते. बटरफ्लायच्या नळीतून थेट अ‍ॅडॅप्टरने भरताना उलट, एरोबिक आधी, कारण नळीतली हवा पहिल्या बाटलीत जाते. रक्त कमी मिळाले तर एरोबिक पूर्ण भरायची. बाटलीत निर्वात असतो, ती १० मिलीपेक्षा जास्तही ओढते. म्हणून भरण्याआधी लेबलच्या कडेला हवी ती पातळी पेनने आखायची. दोन बाटल्यांमध्ये सुई बदलायची नाही. त्याने कंटॅमिनेशन फारसे घटत नाही, बोटात सुई टोचण्याचा धोका मात्र वाढतो.

‘ड’ सेंट्रल लाइनमधून, ‘क’नंतर दहा मिनिटांच्या आत. नॉरअ‍ॅड्रिनलिन चालू असलेल्या नळीला हात लावायचा नाही. तिथून रक्त ओढून मग फ्लश केले तर औषधाचा एकदम लोंढा आत जातो. औषधांच्या तिसऱ्या नळीचा जुना कनेक्टर काढून टाकला, नळीचे तोंड १५ सेकंद घासून वाळवले, नवा निर्जंतुक कनेक्टर बसवला आणि त्यातून रक्त घेतले. इथे पहिले रक्त फेकले नाही. लाइनच्या आत जंतू आहेत का हेच पाहायचे असल्याने पहिले रक्तच बाटलीत जायला हवे. हाताच्या शिरेत पहिले थेंब बाजूला, लाइनमध्ये पहिले थेंब बाटलीत: ही उलटापालट नर्सिंगच्या प्रशिक्षणात वेगळी शिकवावी लागते.

चारही बाटल्यांत ९ ते १० मिली. चार वाजायच्या आत यंत्रात. पाच दिवसांनी, तेराव्या दिवशी, चारही निगेटिव्ह.

आता शेवटची शंका: आधीपासून चालू असलेल्या पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमने ‘ड’मधला जंतू दाबला गेला असेल का? म्हणून दोन्ही जंतूंवर सेफॉक्सिटिनची डिस्क (मेथिसिलिन-प्रतिरोध तपासणारी औषधाची चकती) लावली. दोघेही प्रतिरोधक, म्हणजे मेथिसिलिन-प्रतिरोधक. पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमचा त्यांच्यावर परिणाम नव्हता. लाइनमध्ये ते असते तर १९ मिली रक्तात दिसले असते. ही तपासणी प्रयोगशाळेने स्वतःपुरती केली, अहवालात छापली नाही. कंटॅमिनेशन वाटणाऱ्या जंतूची औषध-संवेदनशीलतेची यादी छापली की ती यादीच उपचाराची शिफारस म्हणून वाचली जाते. अहवालात दोन्ही जातींची नावे, लागण्याचे तास, कोणत्या सेटमध्ये हे, बहुधा त्वचेवरचा जंतू असल्याचा शेरा, आणि गरज वाटल्यास सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी बोलण्याची सूचना, एवढेच होते. जंतू सात दिवस जपून ठेवले.

‘अ’ आणि ‘ब’मध्ये काय बिघडले

‘अ’ ज्या कनेक्टरमधून घेतला तो तीन दिवस बदललेला नव्हता आणि रोज अनेक वेळा वापरला जात होता. ‘ब’साठी वेगळी टोचणी झालीच नाही: हातात नवी कॅन्युला घालताना तिच्यातूनच रक्त ओढले, म्हणून ते कमीही मिळाले. कॅन्युलासाठी त्वचा स्पिरिटच्या एका फटक्यात पुसली जाते. ती शुद्धी कॅन्युलाला कशीबशी चालते, कल्चरला चालत नाही. दोन्ही वेळा बूच पुसल्याची नोंद नाही.

त्यावरून आयसीयूत एक तयार पिशवी ठेवली: दोन सेट बाटल्या, क्लोरहेक्सिडिनचे दोन अ‍ॅप्लिकेटर, अल्कोहोलचे सहा बोळे, बटरफ्लाय, २ आणि २० मिलीच्या सिरिंज, नवा कनेक्टर, जागा-वेळ-घेणाऱ्याचे नाव यांचे लेबल. कनेक्टर पिशवीतच असल्यामुळे “स्टोअरमधून आणायला लागतो” हे कारण उरत नाही. दर महिन्याचा कंटॅमिनेशनचा दर सेटवर काढायचा, बाटल्यांवर नाही: दूषित सेट भागिले एकूण सेट, गुणिले शंभर. एकच सेट आलेल्या रुग्णांची संख्या वेगळी लिहायची, कारण त्यांच्यात खरे-खोटे ठरवताच येत नाही. एका सेटने जंतू निसटण्याचे प्रमाणही मोठे राहते. नीट भरलेल्या दोन सेटमध्ये साधारण ८० ते ९० टक्के, तीन सेटमध्ये ९५ टक्क्यांच्या वर रक्तसंसर्ग सापडतात. बाटलीमागे पैसे मोजणाऱ्या कुटुंबाला दुसरा सेट जास्तीचा वाटतो. व्हँकोमायसिनचे दोन दिवस आणि आयसीयूतला वाढीव मुक्काम त्याहून कितीतरी महाग पडतो, हे त्यांना आधी समजावून सांगावे.

हा निकाल कुठे लागू नाही

लाइनऐवजी कृत्रिम हृदयझडप किंवा पेसमेकर असता तर कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ इतक्या सहज बाजूला सारता आला नसता. हृदयाच्या आतल्या संसर्गासाठीच्या २०२३ च्या सुधारित ड्यूक निकषांत, हृदयात कृत्रिम वस्तू असेल तर हे जंतू त्या आजाराचे नेहमीचे जंतू म्हणून धरले आहेत. तिथे तीन सेट आणि इकोशिवाय (हृदयाच्या सोनोग्राफीशिवाय) निर्णय नाही. जात लुगडुनेन्सिस निघाली तर तिला स्टॅफ ऑरियससारखेच वागवायचे, एकाच बाटलीत असली तरी. म्हणूनही जातीचे नाव हवे.

दोन्ही सेटमध्ये एकच एपिडर्मिडिस २४ तासांच्या आत लागला असता, आणि लाइनचा सेट सारख्या रक्तावर दोन तास आधी, तर लाइन काढून ५ ते ७ दिवस औषध देणे योग्य ठरले असते. लाइन ठेवणे भागच असेल तर १० ते १४ दिवस, सोबत लाइनमध्ये अँटिबायोटिक लॉक (नळीतच भरून ठेवलेले अँटिबायोटिक). लाइनच्या टोकाचे कल्चर संसर्गाचा संशय असेल तेव्हाच पाठवायचे: पाच सेंटिमीटरचा तुकडा प्लेटवर घोळवून १५ पेक्षा जास्त कॉलनी. या रुग्णाची लाइन गरज संपल्यावर अकराव्या दिवशी काढली आणि टोक पाठवले नाही.

नवजात बाळांचे शास्त्र वेगळे आहे. तिथे अनेकदा जेमतेम एक मिली रक्ताची एकच बाटली मिळते, आणि कमी वजनाच्या बाळांत कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ हा जन्मानंतर काही दिवसांनी होणाऱ्या सेप्सिसचा खराखुरा, नेहमीचा जंतू आहे. दोन टोचण्यांची मोजणी तिथे सहसा हाती नसते. बाळाची प्रकृती, लाइन आणि शक्य असेल तेव्हा औषधाआधीचे दुसरे कल्चर यांवरच निर्णय घ्यावा लागतो.